विटांच्या दरजा आणि गवंड्याची पारख

घर बांधताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. घर दुरुस्त करताना मात्र रस्त्यात भेटेल त्या पहिल्या गवंड्याच्या हाती भिंत सोपवून मोकळा होतो. महोत्सवाच्या वर्षात संस्थेच्या इमारतीचा दर्शनी भाग नीटनेटका करावा, अशी सूचना अनेक सभासदांनी केली आहे, आणि विटांच्या दरजा नव्याने भरून घ्याव्यात हे तिच्यातील एक कलम आहे. सूचना रास्त आहे. परंतु हे काम कोणाच्या हातून करून घ्यावयाचे, याविषयी तिच्यात एक अक्षर नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न तेवढाच आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील कितीतरी सभासदांची राहती घरेही जुन्या विटांची आहेत. तेव्हा जे येथे लिहीत आहोत ते संस्थेइतकेच त्यांच्याही उपयोगी पडावे.

बडोदे हे विटांचे शहर आहे. नद्यांनी आणून पसरलेल्या गाळाच्या मैदानावर ते वसले. दगड दुरून आणावा लागे, माती मात्र पायाखालीच होती. म्हणून वाड्यापासून राजवाड्यापर्यंत वीट चालली. मेजर मांट यांनी आराखडा केलेला आणि त्यांच्या मागे चिझम यांनी तडीस नेलेला लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला. बडोदे कॉलेजची घुमटाची इमारतही, जी आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाशाखेकडे आहे, चिझम यांचीच. या इमारतींकडे आपण घुमट आणि मनोरे पाहण्यासाठी मान वर करतो. एखाद्या दिवशी मान खाली करून, हाताच्या अंतरावरून, दोन विटांमधली रेघ पाहावी. तीच दरज.

दरज म्हणजे विटेविटेमधील सांधा, आणि त्या सांध्याचा बाहेरून दिसणारा, ऊनपाऊस सोसणारा भाग. कालांतराने तो झिजतो, भुसभुशीत होतो, बोट फिरवले तर पूड पडते. मग तेवढाच भाग खरवडून काढून तेथे नवे मिश्रण भरतात. काम दिसायला इतके साधे आहे की ते कोणीही करील असे वाटते. येथेच पहिला घात होतो.

दरज झिजणे हा भिंतीचा दोष नव्हे. ती झिजावी म्हणूनच तेथे आहे. चपलेचा तळ झिजतो म्हणून पाऊल शाबूत राहते. तळ पोलादाचा केला तर चप्पल टिकेल, पाऊल राहणार नाही. भट्टीत भाजताना विटेच्या पृष्ठभागावर एक कणखर कातडी तयार होते आणि आतला भाग त्या मानाने मऊ राहतो. ही कातडी एकदा गेली की ती पुन्हा आणता येत नाही. दरज मात्र शंभर वर्षांत दोनदा भरता येते. म्हणून जुन्या कारागिरांनी एक नियम पाळला: सांध्याचे मिश्रण नेहमी विटेपेक्षा मऊ असावे.

हे मिश्रण चुन्याचे असे. चुना कसा काम करतो हे आम्ही शाळेत दरवर्षी मुलांना दाखवतो, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही एकदा पाहावे असे ते आहे. पेल्यात चुन्याची निवळी घ्यावी आणि नळीने तिच्यात हळूहळू फुंकर घालावी. क्षणभरात स्वच्छ पाणी दुधी होते. आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि जो चुनखडीचा दगड भट्टीत भाजून चुना केला होता, तोच दगड बारीक कणांच्या रूपाने परत येतो. भिंतीतही हेच घडते. फक्त फुंकर घालणारी हवा असते आणि काळ महिन्यांचा, वर्षांचा लागतो. सुरखी, म्हणजे विटांची बारीक पूड, मिसळली की चुना ओलाव्यातही धरतो. जुन्या दरजा फिकट गुलाबी दिसतात त्या तिच्यामुळे.

असा सांधा कणखर असूनही श्वास घेतो. पावसाचे किंवा जमिनीतून चढलेले पाणी त्याच्या वाटे बाहेर पडून वाळते. त्याबरोबर आलेला क्षार, ज्याला आपण लोणा म्हणतो, तोही सांध्यावरच फुलतो आणि सांध्यालाच खातो. वीट बचावते. आता याच सांध्यात सिमेंट भरा. सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि पाण्याला जवळजवळ बंद. भिंतीत पाणी शिरायचे थांबत नाही. ते छपरातून येते, पायातून येते, केसाएवढ्या भेगेतून येते. बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते. मग ते विटेतून वाट काढते, क्षार विटेच्या कातडीमागे साठतो, त्याचे स्फटिक वाढतात आणि कातडी पापुद्र्यासारखी सुटते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या आवाराची भिंत चुन्यातली, जुनी. काही वर्षांपूर्वी ईदच्या आधी ती सुधारून घ्यावी असे ठरले आणि वर्गणी जमली. वर्गणी देणारे कोण, तर रिक्षावाले, शिवणकाम करणारे, भाजीची गाडी लावणारे. शुक्रवारच्या झोळीत पडलेली दहावीस रुपयांची नाणी आणि नोटा. एका ठेकेदाराने सर्वांत कमी दर दिला. त्याच्या माणसांनी फिरत्या पात्याच्या यंत्राने दरजा कापल्या. यंत्राचे पाते सरळ जाते, जुनी वीट सरळ असेलच असे नाही. विटांच्या कडा कापल्या गेल्या आणि बारीक दरजा बोटभर रुंद झाल्या. त्यांत दाट सिमेंट भरले, वर दोरीसारखा उठाव काढला आणि विटांना गेरूचा रंग दिला. ईदच्या दिवशी जो तो त्या भिंतीचे कौतुक करीत होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर विटांचे तोंड झडू लागले. आज तेथे सिमेंटच्या रेघांची एक जाळी उभी आहे आणि जाळीच्या प्रत्येक चौकटीत वीट दोन बोटे आत गेलेली आहे. ते सिमेंट अजूनही तसेच्या तसे आहे! ते आता काढताही येत नाही, कारण काढू जावे तर उरलेली वीट बरोबर येते.

सिमेंटचा आम्हांला राग नाही. ज्याच्या जागी ते हवे तेथे ते हवेच. पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला. त्यापूर्वीची घरे चुन्यातली समजावीत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य घरांत चुनाच चालला. पुढे सिमेंटमध्येच बांधलेल्या, पक्क्या यंत्राच्या विटांच्या भिंतीला चुन्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. तेथे एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असे संमिश्र चालते. आपली भिंत कोणत्या जातीची हे ओळखणे कठीण नाही. घराची किल्ली घ्यावी आणि दरजेवर ओढावी. पांढरट किंवा गुलाबी पूड निघाली तर चुना. करडा, गुळगुळीत सांधा असून किल्लीला दाद देत नसेल तर सिमेंट. तपकिरी मातीच सांडू लागली तर आत मातीचे बांधकाम असून बाहेरून तेवढी चुन्याची दरज आहे, असे समजावे; पोळांतील कितीएक घरे अशी आहेत. भिंतीला पायऱ्यापायऱ्यांची तिरपी भेग गेली असेल तर मात्र गवंड्याच्याही आधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. पाया खचलेला असताना दरजा भरणे म्हणजे हाड मोडलेले असताना मलम लावणे होय.

आता पारखीचा विषय.

त्याच मशिदीच्या आवाराची मागची बाजू तेव्हा करावयाची राहिली होती. ती पुढे निघाली तेव्हा तीन गवंड्यांना विचारले. पहिल्याने फोनवरच दर सांगितला. भिंत न पाहता दर सांगणारा वैद्य नाडी न पाहता पुडी बांधतो, हे उघड आहे. दुसरा आला, बोलण्यात चतुर, मोबाइलमध्ये पन्नास भिंतींची चित्रे. सगळ्या भिंती नव्याकोऱ्या, रंगवलेल्या, कालपरवाच्या. "एकदम नवी करून देतो, साहेब," असे तो म्हणाला. तिसरा वयस्क होता. तो आला आणि त्याने प्रथम एक तांब्या पाणी मागितले. आम्हांला वाटले, तहान लागली असेल. त्याने ते पाणी भिंतीवर शिंपडले आणि वीट किती लवकर पिते, दरज किती लवकर पिते हे पाहत उभा राहिला. खिशातून एक खिळा काढून पाचसहा जागी दरज उकरली, पूड तळहातावर घेऊन चुरगळली. मग मागे सरकून वर पाहिले. पन्हळीचा पत्रा एके ठिकाणी फुटला होता आणि त्याच्या खाली भिंतीवर हिरवा पट्टा उमटला होता.

"पहेलां आ पाणी बंध करो, पछी हुं आवुं," तो म्हणाला.

त्याचा दर दुसऱ्याच्या सव्वापट होता. परंतु त्याने खडूने खुणा करून निम्म्याहून अधिक भिंत वगळली. तेथील दरजा शाबूत आहेत, त्यांना हात लावू नका, असे सांगितले. एकूण खर्च दुसऱ्यापेक्षा कमी आला. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ती भिंत गुडघाभर पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर तिच्यावर लोणा फुलला, तो दरजांवर फुलला, आणि कोरड्या कुंचल्याने झाडून काढला. विटेला काही झाले नाही.

तिसऱ्या गवंड्याने जे आपण होऊन केले, तेच आपण इतरांना विचारून ताडू शकतो. जुना सांधा कशाचा आहे, हे त्याला विचारावे. "काय फरक पडतो?" असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्यावा. दरज कशाने काढणार, किती खोल काढणार, हे विचारावे. हातोडा आणि दरजेपेक्षा अरुंद छिन्नी, हे जुन्या बारीक दरजांसाठी योग्य उत्तर. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट, म्हणजे साधारणतः इंचभर हवी, आणि खाच आतून चौकोनी हवी, पाचरीसारखी निमुळती नव्हे. वरवर अर्धी बोटभर खरवडून फासलेले मिश्रण दोन पावसांत खपलीसारखे पडते. भरण्याआधी भिंत धुऊन ओली करणार का? खोल खाच एकाच दमात कोंबणार की थराथराने? आणि मिश्रणात काय? येथे एक सावधगिरी सांगतो. पुष्कळ गवंडी चुना कबूल करतात आणि मग हळूच म्हणतात, "थोडं सिमेंट घालतो, लवकर धरेल." ते थोडे किती, हे घमेल्यापाशी कोणी उभे नसताना ठरते. जुन्या मऊ विटेच्या भिंतीला या घाईची गरज नाही. एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग वाळू, त्यातील काही वाळूच्या जागी सुरखी, हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते. नेमके ते जुन्या दरजेकडे पाहून ठरवावे.

वाळू ओरसंगची असली तरी ती धुतलेली असेलच असे नाही. बाटलीत निम्मी वाळू व वर पाणी घालून खळखळ हलवावे आणि ठेवून द्यावे. वर बसलेला मातीचा थर जाड दिसला तर ती वाळू परत पाठवावी. ही परीक्षा आमच्या शाळेतली सातवीतील मुलेही करतात, तेव्हा संस्थेच्या बांधकाम समितीला ती जड जाऊ नये.

उठावाच्या दरजेविषयीही लोकांना फार हौस आहे. दोरीसारखी फुगीर रेघ काढली, तिच्यावर पांढरा हात मारला, की भिंत चित्रातल्यासारखी दिसते. त्या उठावावर पावसाचे पाणी अडते आणि तेथूनच आत झिरपते. शिवाय तो आधी तुटतो. जुन्या भिंतीत दरज विटेच्या कडेपासून किंचित आत राहिलेली बरी. तशी ती मूळची असते, आणि विटांच्या झिजलेल्या कडांवर मिश्रण पसरत नाही म्हणून रेघ बारीक दिसते. चांगल्या कामाची खूण अशी की ते झाल्यावर पाहुण्याच्या लक्षात येत नाही.

पूर्वीचे काम पाहावयास मागावे, पण ताजे नव्हे. निदान दोन पावसाळे खाल्लेले काम दाखवा, असे म्हणावे, आणि त्या घरच्या माणसांशी गवंडी हजर नसताना बोलावे. मग आपल्या भिंतीच्या आडबाजूला चार चौरस फुटांचा नमुना करून घ्यावा, त्याची मजुरी वेगळी द्यावी. नमुन्याला नकार देणारा गवंडी क्वचितच चांगला निघतो. फुकट नमुना मागणारा घरमालकही तसाच.

मजुरीचा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. दरजभरणीचे काम बहुधा चौरस फुटाच्या दराने उक्ते देतात. या दरात खोली कोठेच येत नाही. जो गवंडी इंचभर खरवडतो आणि जो अर्धी बोटभर खरवडतो, त्या दोघांना सारखेच पैसे मिळतात, फक्त दुसऱ्याचे काम दिवसाला तिप्पट होते. म्हणजे प्रामाणिकपणाचा दंड प्रामाणिक माणसालाच! यास्तव काम रोजंदारीवर द्यावे, किंवा उक्ते द्यावयाचे तर दोन टप्प्यांत द्यावे. खरवडणी पुरी झाली की काम थांबवावे. घरच्या माणसाने इंचावर खूण केलेला खिळा घेऊन वीसपंचवीस जागी खोली मोजावी. ठीक असेल तर त्या टप्प्याचे पैसे द्यावेत आणि मगच भरणीला हुकूम द्यावा. दरज एकदा भरली की आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही. लेखी करारात खोली, मिश्रण, यंत्र न वापरण्याची अट आणि टप्पे एवढ्या चार गोष्टी आल्या तरी पुरे. पाच ओळींचा कागद भांडण वाचवतो, आणि तो गवंड्यालाही हवाच असतो. आमच्या अनुभवात पैसे बुडवणारे घरमालक काम बिघडवणाऱ्या गवंड्यांहून कमी नाहीत.

शिकलेला गवंडी म्हणजे कोण, याविषयी आपल्या मंडळींत दोन टोके दिसतात. काहींना प्रमाणपत्र हवे असते, काहींना त्याची थट्टा वाटते. बडोदेकराने तरी थट्टा करू नये. हाताच्या कामालाही शाळा असावी, हा विचार सयाजीराव महाराजांनी याच शहरात १८९० साली कलाभवन स्थापून अमलात आणला. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके तेथेच शिकले. कलाभवनाचे पुढे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत रूपांतर झाले. आमच्यासारख्याला त्याचा अभिमान वाटतो आणि थोडी खंतही वाटते, कारण अभियंते निघू लागले, परंतु सुतार-गवंड्यांच्या शिक्षणाची जागा तितकी मानाची राहिली नाही.

आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जे परंपरेने काम शिकले त्यांचे कौशल्य तपासून त्यांनाही प्रमाणपत्र देण्याची सोय झाली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत गवंडी आहे. ओळखपत्र व प्रमाणपत्र, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य त्यात मिळते. असे प्रमाणपत्र असेल तर ते आदराने पाहावे. माणूस ओळंबा धरतो, माप वाचतो, हिशेब ठेवतो, एवढी हमी त्यातून मिळते. मात्र आजच्या शिक्षणाचा भर नव्या बांधकामावर, म्हणजे सिमेंटवर आहे, आणि तो असणारच. चुना मुरवणे, जुनी दरज वाचणे हे ज्ञान अजून बहुतांशी उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते, आणि त्या साखळीची कितीतरी कडी निखळली आहेत. तेव्हा प्रमाणपत्र विचारावे आणि चुन्याचे काम कोणाच्या हाताखाली शिकलात, हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला कडियाचा चेहरा कसा उजळतो ते पाहण्यासारखे असते. इंटॅक ही १९८४ पासून वारसा-जतनाचे काम करणारी संस्था आहे. तिच्या शहरातील मंडळींना किंवा वास्तुकलेच्या अध्यापकांना विचारले तर चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिरांचा पत्ता लागू शकतो.

एक गोष्ट घरमालकाच्या माथी आहे, ती गवंड्याकडून करवून घेता येत नाही. दरज खरवडताना उडणारी धूळ साधी धूळ नव्हे. वाळूतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही. आपल्यापासून फार दूर नाही अशा खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या घरोघरी या रोगाने काय केले आहे, हे जाणत्यांना सांगावयास नको. फिरते पाते वापरले तर ही धूळ शतपटीने वाढते, आणि यंत्र नाकारण्याचे हे दुसरे कारण होय. छिन्नीनेही काम करताना भिंत ओली ठेवावी, तोंडावर धूळ अडवणारी चांगली जाळी असावी; रुमाल पुरत नाही. कळीचा चुना पाणी घालताच उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चुना कालवणाऱ्या बाईच्या हातांची सालपटे निघालेली आपण पाहतो आणि पुढे जातो. हातमोजे, चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली, यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा. "ते माणूस बघून घेईल" असे म्हणून दर कमी करून घेणे हे धर्मादाय संस्थेला शोभणार नाही. परांची मजबूत आहे की नाही, हेही आपणच पाहावे.

हंगामाचा विचार करता दसरा झाल्यावर काम काढावे आणि होळीच्या आत संपवावे. पावसात चुना धुपतो, वैशाखात तो धरण्यापूर्वीच वाळून भुगा होतो. भरलेल्या दरजांवर आठवडाभर ओले गोणपाट सोडून ठेवावे आणि दिवसातून तीनचार वेळा पाणी शिंपडावे. गवंडी रोज त्यासाठी येणार नाही. शिंपडण्याची पाळी घरच्यांनी लावून घ्यावी. मुले हे काम आनंदाने करतात, नको तितके पाणी ओततात, तेव्हा झारी द्यावी, बादली देऊ नये.

संस्थेच्या इमारतीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या डाव्या हाताला, चुना-सुरखीचा एक नमुना करून घेतला आहे. शेजारीच मूळची दरज आहे. कार्यक्रमाला येणाऱ्या सभासदांनी घराची किल्ली बरोबर आणून दोन्हींवर ओढून पाहावी आणि आपले मत बांधकाम समितीच्या वहीत लिहावे. वही कार्यालयात ठेवलेली आहे.